इन्स्पेक्टरला कंपनी बंद करता येत होती का?

एमआयडीसीत सेफ्टी ऑफिसर आहे म्हटलं की लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी विचारतंच: "कोरोनात माणसं खेटून कामाला उभी होती, तेव्हा फॅक्टरी इन्स्पेक्टर काय करत होते? कंपनी बंद करता येत नव्हती का त्यांना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. येत होती, पण वाट सरळ नव्हती.

तेव्हा १९४८ चा कारखाने अधिनियम लागू होता. कलम ९ प्रमाणे इन्स्पेक्टर कारखान्यात शिरून मोजमाप घेऊ शकत, फोटो काढू शकत, रजिस्टर ताब्यात घेऊ शकत. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, त्यात ८७-ए आलं. गंभीर धोका दिसला तर लेखी हुकूम काढून काम थांबवायचं. हुकूम तीन दिवसांचा, पुढे मुख्य निरीक्षकांनी वाढवायचा. कामगाराचा पगार मात्र चालूच. पण त्या कलमाची भाषा इजा आणि मृत्यूची. रोगांच्या यादीत सिलिकोसिस होता, शिशाची विषबाधा होती, कोरोना कुठून असणार? म्हणून जोर राहिला २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यावर, आणि त्याची जिल्ह्यातली सूत्रं कलेक्टरांकडे.

१५ एप्रिल २०२० च्या केंद्राच्या आदेशात दोन पाळ्यांमध्ये एक तासाचं अंतर सांगितलं होतं. आमच्याकडे तो तास कागदावर होता. गेटवर पहिली पाळी सुटायची आणि दुसरी शिरायची, एकाच वेळी, एकाच दारातून. अंगठ्याचं मशीन बंद केलेलं, त्यामुळे सहीचं रजिस्टर, आणि त्याला सुतळीने बांधलेलं एकच पेन. प्रत्येकाच्या हातात तेच पेन. मी दोनदा लेखी दिलं. दोन्ही वेळा डिस्पॅचचं कारण पुढे आलं.

मग एका दुपारी इन्स्पेक्टर मॅडम आल्या. ऑफिसात चहाला गेल्या नाहीत, गेटपाशीच थांबल्या. पेन बघितलं. पाळी बदलेपर्यंत घड्याळ बघत उभ्या राहिल्या. नंतर कँटीनमध्ये स्वतः टेप धरून दोन बाकांमधलं अंतर मोजलं आणि तिथेच बसून शेरा लिहिला. बंदचा हुकूम नव्हता तो. तरी दुसऱ्या दिवशी पहिली पाळी दोनला सुटली आणि दुसरी तीनला आत आली. माझ्या दोन पत्रांनी जे झालं नाही, ते त्या एका पानाने झालं. अधिकार म्हणजे काय, हे मला त्या दिवशी गेटवर दिसलं.

त्या कशामुळे आल्या, हे आजवर कुणाला कळलेलं नाही, आणि कायद्यालाही तेच हवं होतं. कलम ११८-ए प्रमाणे तक्रार कुणी केली हे इन्स्पेक्टरने गुप्त ठेवायचं. तपासणी तक्रारीवरून आहे, एवढंसुद्धा मालकाला सांगायचं नाही.

त्याच्या आठवडाभर आधी पॅकिंगमधला एक जण मला म्हणाला होता, "साहेब, फोन केला तर माझंच नाव पुढे येईल." मी त्याला ११८-ए सांगितलं नाही. तोवर मीच ते नीट वाचलेलं नव्हतं.