चौथा सड

पहाटे पाचला गाडी लावली तेव्हा गोठ्यातला बल्ब लागलेला होता आणि आजी चरवी विसळत होत्या. अकोले तालुक्यातलं गाव, डिसेंबरची थंडी, माझ्या पिशवीत ताणकाटा, पेन आणि मोबाईल. मी पशुधन पर्यवेक्षक. आमच्या कामातलं एक काम म्हणजे एकात्मिक नमुना पाहणी. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा अशा तीन हंगामांत निवडलेल्या गावांतल्या निवडलेल्या घरी जायचं, सकाळ-संध्याकाळची धार डोळ्यांसमोर काढून घ्यायची, तोलायची आणि लिहायची. अशा घराघरांतल्या चरव्यांवरून राज्याचा अंदाज निघतो आणि राज्यांवरून देशाचा. २०२३-२४ साली देशात जवळपास चोवीस कोटी टन दूध झालं, असं आपण पेपरात वाचतो ना, त्याच्या मुळाशी अशी एखादी थंडीत कुडकुडणारी बाई किंवा बाप्या असतो.

या घरी चार संकरित गाया आणि एक डांगी, म्हणजे इकडची देशी जात. संकरित गायांचं काम झटपट उरकलं. त्यांची वासरं जन्मल्यापासून वेगळी बांधलेली, गायांना मशीन लावायचं, दूध कॅनमध्ये, त्यातलंच थोडं कालवडीला बादलीत. त्यातल्या एका गायीच्या कासेला दगडी, म्हणजे कास सुजण्याचा आजार झालेला, आदल्या दिवशी सडात औषधाची ट्यूब सोडलेली. तिचं दूध हातानं वेगळं काढून बाजूला ठेवलं होतं, कारण ट्यूब सोडली की काही दिवस डेअरी ते घेत नाही.

डांगी मात्र आजींची. तिला मशीन चालत नाही, दुसऱ्याचा हात चालत नाही आणि वासरू तोंडाशी नसेल तर ती पान्हाच सोडत नाही. आजींनी वासरू सोडलं. दीड महिन्याचं, ठिपक्याठिपक्यांचं पोर धडपडत कासेला भिडलं, दोन ढुसण्या दिल्या, तोंडाला फेस आला तसा आजींनी त्याला ओढून गायीच्या पुढच्या पायाशी बांधलं. गाय त्याला चाटत राहिली आणि आजी तीन सडांची धार काढून उठल्या.

“चौथा?” मी विचारलं.

“तो त्याचा हाये. त्याला हात लावायचा नसतो.”

चरवी तोलली, रिकाम्या चरवीचं वजन वजा केलं. १.६ किलो. मी मोबाईलमध्ये टाकत होते, तेवढ्यात आजींनी दावं सोडलं आणि वासरू चौथ्या सडाला लागलं. आजी म्हणाल्या, “आता त्याचं पण लिव्ह.”

त्याचं लिहीत नाहीत. नियम सरळ आहे: वासरानं तोंडानं ओढलेलं दूध उत्पादनात धरायचं नाही, भांड्यात काढून पाजलेलं धरायचं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेची व्याख्याही तशीच आहे. मी समजावलं. आजींनी चरवीवर फडकं टाकलं आणि म्हणाल्या, “म्हंजे त्यांच्या कालवडी पित्यात ते दूध आन माझं वासरू पितं ते काय पानी?”

खरं सांगते, इतकी वर्षं हा रकाना भरते आहे, पण हा प्रश्न मला कुणी असा विचारला नव्हता. त्याच गोठ्यात दहा हातांवर बादलीतून दोन लिटर प्यालेली कालवड देशाच्या उत्पादनात जमा होती आणि हे पोर नव्हतं. अमेरिकेचं कृषी खातं ‘वासरांना पाजलेलं दूध’ म्हणून वेगळा आकडा दरवर्षी छापतं. आपल्याकडच्या बातमीत एकच मोठा आकडा येतो. आणि गोठे बदलताहेत. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या मधल्या काळात देशातली गायवर्गातली विदेशी आणि संकरित जनावरं सुमारे सत्तावीस टक्क्यांनी वाढली. म्हणजे कासेला लागणारी वासरं मागे पडून बादलीवरची वासरं वाढली असणार. पूर्वी न मोजता पोटात जाणारं काही दूध आता मोजून जातं. दूध वाढलं म्हणतो त्यात थोडा भाग या फेरफाराचाही असेल असं मला वाटतं. किती, ते सांगायला कुणीतरी वासरू तोलायला हवं.

“मग तोला की,” आजींचा नातू म्हणाला. “कांद्याचा काटा हाये.”

त्यांच्या ओट्यावर कांद्याच्या गोण्या तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा होता. वासरू पिऊन झालं होतं, त्यामुळे आधीचं वजन गेलंच. पण मला संध्याकाळपर्यंत तिथंच थांबायचं होतं. दुपारी वासरू लांब बांधून ठेवलं आणि चार वाजता, धारेच्या आधी, नातू त्याला कवेत घेऊन काट्यावर चढला. एकटा नातू ६१.२, वासरासकट ९२.८. म्हणजे वासरू ३१.६. मग धार, मग चौथा सड, मग पुन्हा काटा: ९४.०. मधल्या वेळात पोर नातवाच्या पॅन्टवर मुतलं होतं, त्यामुळे ते वजन तरी वाया गेलं नाही.

एक किलो दोनशे ग्रॅम. त्या वेळची धार होती ०.९ किलो. सकाळपेक्षा इतकी कमी का, विचारलं तर आजी म्हणाल्या, “तुझा काटा बघून तिनं पान्हा चोरला. वासराला समदा सोडला.” डांगीला खरंच पान्हा चोरता येतो, हे मी कागदोपत्री कुठं लिहिणार? लिहिलं ०.९.

काटा मांडलेलाच होता म्हणून मी कोपऱ्यातला गोऱ्हाही, म्हणजे नर वासरूही, तोलायला सांगितला. संकरित गायीचा, पाच आठवड्यांचा. सकाळपासून माझी नजर त्याच्यावर जात होती आणि घरातल्यांची जात नव्हती. केस उभे, बरगड्या मोजाव्यात अशा, शेपटी हगवणीनं माखलेली. या वयाला चाळीसच्या आसपास हवा होता. काट्यानं २९.४ दाखवलं. संकरितापेक्षा लहान चणीच्या डांगीच्या वासरापेक्षाही कमी.

“याला काय पाजता?”

आजींचा मुलगा जरा वेळानं बोलला. “पावडर देतो मॅडम. आन ते दगडीच्या गायीचं.” पावडर म्हणजे मिल्क रिप्लेसर, दुधाऐवजी पाण्यात कालवून वासरांना पाजतात ती, तीही पिशवीवर लिहिलेल्यापेक्षा पातळ कालवलेली. आणि सकाळी बाजूला ठेवलेलं ट्यूबचं दूध. जे डेअरीला चालत नाही ते गोऱ्ह्याला. मी त्यांना सांगितलं की त्या दुधात औषधही आहे आणि जंतूही, हगवण थांबणार कशी? ते म्हणाले, “लिटरला तीस रुपये धरा. दोन टायमाचं चार लिटर म्हंजे एकशेवीस रुपये रोज. कालवड उद्या दूध देईल. हा काय देईल?”

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. नांगराला ट्रॅक्टर आला, आणि मार्च २०१५ पासून राज्यात बैल-वळूच्या कत्तलीलाही बंदी. तोट्यातला पाहुणा म्हणून गोऱ्हा जन्मतो. त्याच दोन पशुगणनांमध्ये देशातले गायवर्गातले नर सुमारे तीस टक्क्यांनी घटले. हा आकडा मी प्रशिक्षणात पडद्यावर पाहिला होता. तिथं तो एक खाली उतरणारा स्तंभ होता. इथं त्याच्या नाकातून पाणी गळत होतं. मालकाला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण माझा पगार दुधाच्या दरावर ठरत नाही आणि त्याचं घर ठरतं.

ट्यूबचं दूध मी उकिरड्यावर ओतायला लावलं. हगवणीचं औषध दिलं, मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं ते नातवाला दाखवलं, आणि थोडं थोडं का होईना, चांगल्या गायीचं दूध दे म्हटलं. मालक काही बोलले नाहीत.

अंधार पडायला लागला तेव्हा तिसऱ्या गायीचं दूध कॅनमध्ये ओतण्याआधी त्यांनी दीड-एक लिटर बादलीत घेतलं आणि माझ्यापुढे धरलं.

“आधी हे तोला मॅडम. हे धरत्यात ना?”

“धरतात.”

तोललं. १.४ किलो. मग बादली कोपऱ्यात नेली, दोन बोटं दुधात बुडवून गोऱ्ह्याच्या तोंडात घातली आणि बोटांमागून त्याचं तोंड हळूहळू बादलीत उतरवलं. दुसऱ्या दिवशी पाजलं का, ते मला माहीत नाही. माझी पुढची भेट दुसऱ्या गावात होती.