ओली पानं

खिडकीवाल्याच्या फाइलमध्ये दोन वर्षांपूर्वी मीच एक ओळ लिहून ठेवली होती : 'स्पर्श टाळतो.'

खिडकीवाला हे मीच मनातल्या मनात ठेवलेलं नाव. वय 9, स्वमग्न, बोलत नाही. काही हवं असलं की चित्राचं कार्ड आणून हातात देतो. वर्गात एकूण 7 मुलं, पण खिडकीजवळची जागा त्याची. तिथे दुसरं कुणी बसलं की दिवस हातातून गेलाच म्हणायचा.

पानगळ सुरू झाली की माझ्यासारख्या शिक्षिकेची चंगळ असते. रंग, आकार, लहान-मोठं, मोजणी, चिमटीत धरायचा सराव, सगळं एका पानातून निघतं. शिकवण्यापेक्षा तयारीला मात्र जास्त वेळ जातो. पानं निवडायची, किडे झटकायचे, बुरशीचा वास येणारी फेकून द्यायची. आमच्यातला एक जण दिसेल ते तोंडात घालतो, त्याच्यासाठी जाड कापडाची मोठी पानं शिवलेली. चाकाच्या खुर्चीतल्या छोटीला चिमूट जमत नाही. तिच्या ट्रेवर पान ठेवून वर कागद चिकटपट्टीने पक्का केला, खडूचा कागद सोलून तो आडवा दिला. तळव्याने खडू फिरवला की पानाच्या शिरा कागदावर उमटत जातात. पहिली शीर उमटली तेव्हा ती इतक्या जोरात हसली की खडू टेबलाखाली गेला.

आमच्यातला बोलका मुलगा पिवळी पानं एका टोपलीत टाकता टाकता थांबला. "ताई, पिवळा कुठून आला?" पानात तो आधीपासूनच असतो, हिरवा रंग मोडून गेला की दिसायला लागतो, असं सांगितलं. लाल रंग मात्र बऱ्याच झाडांत त्या दिवसांतच नव्याने तयार होतो, पण ते सांगेपर्यंत तो पुढच्या टोपलीकडे गेला होता.

मग मी मुख्य टब आणला. गुडघाभर उंचीचा, कोरड्या पानांनी भरलेला, आत लपवलेले लाकडी ठोकळे. मुलं तुटून पडली. चुरचुर, सळसळ, नुसता कल्लोळ. खिडकीवाल्याने दोन्ही हात काखेत घातले आणि भिंतीकडे तोंड केलं. मी आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर आश्चर्यही वाटलं नाही. फाइलमध्ये लिहिलेलंच होतं ना.

छोटीच्या खुर्चीचा धक्का रंगकामाच्या बादलीला लागला आणि सगळं पाणी टबात गेलं. मावशी फडकं आणायला धावल्या, मी ठोकळे वेचायला लागले. मुलांचा उत्साह ओसरला. लगदा झालेल्या पानांत कुणाला रस असणार?

माझ्या कोपराजवळून एक हात टबात गेला. मनगटापर्यंत, मग पार कोपरापर्यंत. खिडकीवाला! त्याने एक रुंद पान बाहेर काढलं, खिडकीशी गेला आणि काचेवर थापलं. ओलं पान चिकटलं. मागून उजेड आला तशा साऱ्या शिरा दिसायला लागल्या. तो परत आला. दुसरं, तिसरं... अकरा पानं लावली. मावशी फडकं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

त्या रात्री जुन्या नोंदी काढून बसले. स्पर्शाच्या सरावासाठी त्याला आजवर काय काय दिलं होतं? कागदाचे कपटे, प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, कोरडी पानं. एकजात वाजणाऱ्या वस्तू! आणि ओली माती, चिखल, भिजवलेला स्पंज? त्यातलं एकही नाही. कोरडं शिवत नाही तो ओलं काय शिवणार, असा हिशेब मीच केला होता. कान झाकत नाही म्हणजे आवाजाचा प्रश्न नाही, हेही मीच गृहीत धरलेलं.

एका प्रसंगावरून निदान बदलायचं नसतं, म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्टशी बोलून आठवडाभर ताडून पाहिलं. ओला कागद लगेच घेतला, कोरडा नाही. कानांवर आवाजरोधक हेडफोन चढवल्यावर कोरडी पानंही दोन बोटांनी उचलली, मिनिटभर. थर्माकोलला मात्र हेडफोन लावूनही शिवला नाही. म्हणजे सगळं कोडं आवाजाचंच आहे असंही नाही. फाइलमधली ओळ खोडली आणि तिथे तीन ओळी लिहिल्या, शेवटची प्रश्नचिन्हासकट.

काचेवरची पानं दुसऱ्याच दिवशी वाळून गळून पडली होती. सकाळी त्याने त्यातलं एक देठाला धरून लांबूनच आणलं आणि माझ्या हातात पाण्याचं कार्ड दिलं. तहान लागली असेल म्हणून मी पेला भरून पुढे केला. त्याने पेला टेबलावर ठेवला आणि पान आत बुडवलं.