आधी निघावं की नंतर?

आम्ही घर विकून मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहतो हे कळलं की पहिली पाच मिनिटं लोक संडासाबद्दल विचारतात. ते झालं की खरा प्रश्न येतो. तो बहुधा नवरेमंडळी विचारतात आणि बायका शेजारी गप्प उभ्या असतात. ‘निघायचं कधी? रिटायर व्हायच्या आधी की नंतर?’ न्यू जर्सीतल्या गणपतीत, डॅलसमधल्या एका मुंजीत, पुण्याहून आलेल्या फोनवर, सगळीकडे हेच. उभ्याउभ्या मी ‘जमेल तेव्हा निघा’ म्हणून सुटते. पण तुम्ही नीट बसून विचारलंत म्हणून नीट सांगते.

आम्ही निघालो २०२१च्या सप्टेंबरात. न्यू जर्सीतल्या एडिसनचं घर विकलं, अठ्ठावीस फुटी जुनी मोटरहोम घेतली आणि तिच्यामागे आमची छोटी गाडी जोडली. नवरा ६४ वर्षांचा, रीतसर निवृत्त. मी ६१ची, हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी चार वर्षं आधीच सोडलेली. म्हणजे एकाच गाडीत एक ‘नंतर’वाला आणि एक ‘आधी’वाली. दोन्ही बाजूंचे चटके घरातच बसलेत.

पैशाचा कौल ‘नंतर’लाच. इथे अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, लागू होतं ६५व्या वर्षी. तोवर स्वतःची पॉलिसी घ्यायची, आणि ती तुमच्या पत्त्याला चिकटलेली असते. आता चाकांवरच्या घराला पत्ता कुठला? बरेच पूर्णवेळ भटके करतात तेच आम्ही केलं. साउथ डकोटात टपाल सांभाळणाऱ्यांकडे पेटी घेतली, एक रात्र तिथल्या कॅम्पग्राउंडवर काढली, ती पावती दाखवली आणि त्या पत्त्याचं लायसन्स मिळालं. त्या राज्यात राज्याचा आयकर नाही, हाही एक फायदा. पण वर्षातले जेमतेम आठ दिवस आम्ही जिथे असतो, तिथलेच डॉक्टर माझ्या पॉलिसीत होते. बाहेर फक्त जिवावरचा प्रसंग आला तर उपचार. मॅमोग्राम करायला ॲरिझोनाहून साउथ डकोटापर्यंत गेलेली बाई बघायची असेल तर माझ्याकडे बघा. नवऱ्याला ६५ झाल्यावर त्याने साधं, मूळचं मेडिकेअर घेतलं. ते घेणारा देशातला कुठलाही डॉक्टर त्याला चालतो. (मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या, म्हणजे खासगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या मेडिकेअरच्या, जाहिराती टीव्हीवर गोड वाटतात, पण त्यातल्या बहुतेक योजनांना डॉक्टरांच्या जाळ्याचं बंधन असतं. फिरत्या माणसाने ते नीट तपासावं.) शिवाय ६२ झाल्यावर राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात पास ८० डॉलरला मिळतो आणि सरकारी कॅम्पग्राउंडांवर पुष्कळ ठिकाणी जागेचं भाडं निम्मं होतं. माझी गाडी गॅलनला आठ-नऊ मैल देते. तेव्हा निम्मं काहीही झालं तरी बरंच वाटतं.

शरीराचा कौल ‘आधी’ला. दर मुक्कामाला चाकांखाली ठोकळे सरकवायला वाकायचं, पाण्याचा आणि मैल्याचा पाइप जोडायला गुडघ्यावर बसायचं, छपराच्या फटी तपासायला शिडी चढायची. साठीत हे मजेचं वाटतं. सत्तरीत कसं वाटतं ते शेजारच्या गाड्यांतून ऐकू येतं.

इथवरचं सगळं तुम्ही कागदावर मांडू शकता. आम्हीही मांडलं होतं. नवऱ्याने तर एक्सेल केलं होतं, रंगीत. जानेवारी २०२३मध्ये जे झालं त्याला त्या एक्सेलमध्ये रकानाच नव्हता.

तेव्हा आम्ही ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटला होतो. एरवी काही हजार वस्तीचं, महामार्ग १० वरचं वाळवंटी गाव. थंडीत मात्र उत्तरेकडून, कॅनडाहून गाड्यांची रीघ लागते. गावाबाहेर ला पोसा नावाची सरकारी जमीन आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अख्खा मोसम राहायचे आम्ही १८० डॉलर भरले होते. वीज नाही, नळ नाही. वाळू, काटेरी झुडपं आणि लांबवर पसरलेली चाकांवरची घरं. गावात हाजी अलीची कबर आहे हे सांगितल्यावर माझी मुंबईची मावशी फोनवर चाटच पडली. हा हाजी अली वेगळा. अमेरिकी सैन्याने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले होते, त्यांच्याबरोबर १८५६मध्ये आलेला उंटवाला. इथल्या लोकांच्या जिभेला नाव वळेना, म्हणून त्याचा ‘हाय जॉली’ झाला. १९०२मध्ये तो गेला. त्याच्या कबरीवर दगडी पिरॅमिड आहे आणि वर एक उंट.

रात्री दोनला नवऱ्याच्या पोटात कळ आली. पित्ताशय. छोट्या गाडीत घालून त्याला कोलोरॅडो नदीपलीकडे ब्लाइदला नेलं, वीसेक मैल. ऑपरेशन झालं, चार दिवस ठेवून घेतलं. ते सगळं नीट पार पडलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

गंमत तिसऱ्या दिवशी झाली. हॉस्पिटलातून परतले तर ब्लॅक टँकचा दिवा ‘फुल’ दाखवत होता. ब्लॅक टँक म्हणजे संडासाची टाकी. तुमच्या पहिल्या पाच मिनिटांचं उत्तर हेच: सगळं एका टाकीत साठतं, टाकी भरते, आणि मग ती रिकामी करायला घरच उचलून न्यावं लागतं. ते ठिकाण दोनेक मैलांवर होतं. आणि सोळा महिन्यांत मी एकदाही ते घर चालवलं नव्हतं.

का नव्हतं? कुणी मना केलं नव्हतं. एडिसनला गवत तो कापायचा, बिलं मी भरायचे. तीच वाटणी चाकांवर चढली. तो चालवायचा, मी नकाशा, स्वयंपाक, टपाल, विमा. साध्या लायसन्सवर ही गाडी चालवता येते, हे मला ठाऊक होतं. पण साडेसहा टनांचं धूड साध्या लायसन्सवर चालतं म्हणजे आपल्याच्याने चालतं असं थोडंच आहे?

शेजारी कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या एक विधवा बाई होत्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. पिकअपमागे ट्रेलर ओढत एकट्या यायच्या. मी त्यांना म्हटलं, एवढी गाडी नेऊन द्याल का? त्या म्हणाल्या, ‘नेणार नाही. शेजारी बसेन.’ मला तेव्हा त्यांचा रागच आला.

निघण्याआधी काय काय करायचं त्याची यादी नवऱ्याच्या डोक्यात होती. मी आठवून आठवून गाडीचे आधाराचे पाय वर घेतले, बाहेर सरकवलेली खोली आत ओढली, कपाटांना खिट्ट्या घातल्या. शेगडीवरचा कुकर विसरले. पहिल्याच खड्ड्यात तो खाली आला आणि वरण पार पलंगापर्यंत गेलं. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘थांबू नका, नंतर पुसू.’ वळताना त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. तुमची चाकं तुमच्या मागे आहेत, तेव्हा नाक आधी पुढे जाऊ द्या. आणि उजवीकडे वळलात की शेपूट डावीकडे फिरतं. दुसरी गोष्ट मला कळली ती एका लोखंडी खांबाला मागचा कोपरा घासल्यावर. तो ओरखडा अजून आहे. नवरा रंगवू म्हणतो, मी रंगवू देत नाही.

टाकी रिकामी करताना आधी ब्लॅक सोडायची, मग ग्रे (ती बेसिनच्या साबणपाण्याची टाकी), की त्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हेही बाईंनीच सांगितलं. हातमोजे घालून मी तिथे उभी होते, पायावर वरणाचे शिंतोडे, आणि मला एकदम हसू फुटलं. सांगलीला सासूबाई म्हणतात, ‘तुमचं म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.’ बिऱ्हाड पाठीवर असण्याबद्दल ठीक आहे, पण विंचवाला बिचाऱ्याला हे करावं लागत नाही. (ॲरिझोनात खरे विंचूही आहेत. रात्री अतिनील दिव्याच्या उजेडात ते हिरवट चमकतात. सासूबाईंना हे सांगितलेलं नाही.)

नवरा परत आला तेव्हा दुसरी बाजू उघडी पडली. त्या चार दिवसांत विमा कंपनीने त्याला फोन केला, तर त्याला पॉलिसी नंबर सांगता येईना. टपालपेटीचा पासवर्ड, बँकेचा पासवर्ड, माझ्या गोळ्यांची नावं, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. भातात पाणी किती तेही नाही. माझ्याऐवजी तोच बाहेर राहिला असता आणि मी हॉस्पिटलात, तर टाकी त्याने रिकामी केली असती, पण बाकी सगळं तुंबलं असतं.

तेव्हा माझं उत्तर असं आहे: वय बाजूला ठेवा. ज्या दिवशी दोघांपैकी कुणीही एकटं ते घर हलवू शकेल, रिकामं करू शकेल, त्याचे कागद चालवू शकेल, त्या दिवशी निघा. पंचावन्नला जमलं तर पंचावन्नला. सत्तरीला जमलं तर सत्तरीला, शिडीसाठी पोरगा शोधा. आमचं पहिल्या दिवशी जमत नव्हतं आणि आम्ही निघालो, ते नशिबाने निभावलं. थांबायचं कधी हे मला कुणी विचारत नाही, पण त्याचंही उत्तर तेच ठरवून ठेवलंय. दोघांपैकी एकाला चालवता येईनासं झालं की चाकं थांबवायची. घर विकल्याच्या पैशातला एक हिस्सा त्यासाठी हात न लावता ठेवला आहे. मोटरहोमवर भरवसा ठेवू नका, तिची किंमत दरवर्षी उतरतेच.

आता आम्ही पाळी लावलीये. सम तारखेला मी, विषम तारखेला तो. काचेखाली गाडीच्या उंचीची चिठ्ठी चिकटवली आहे, ११ फूट ४ इंच, दोघांच्या अक्षरात. पूल आला की दोघंही मोठ्याने वाचतो. माझ्या तारखेला तो शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत असतो.

गेल्या ऑक्टोबरात एडिसनचंच एक जोडपं गाडी बघायला आलं. त्याने टायरपासून छपरापर्यंत पावणेदोन तास प्रश्न विचारले. मी तिला म्हटलं, बस. ‘अगं, मी नाही चालवणार,’ ती म्हणाली, ‘हा चालवेल.’ मी किल्ली तिच्या हातात ठेवली. रिकाम्या पार्किंगमध्ये तिने दोन चकरा मारल्या, पाच मैलांच्या वेगाने, दात आवळून. तिसरी मारते म्हणाली. तो खाली उभा राहून शेपटाकडे बघत होता.

त्यांनी अजून गाडी घेतलेली नाही. तिने मात्र परवा मला फोन करून विचारलं, ग्रे आधी सोडायची की ब्लॅक.