नॉर्दर पडल्यावर तिसऱ्या दिवशी

जानेवारीत टेक्सासच्या किनाऱ्यावर नॉर्दर सुटला की गॅल्व्हस्टनच्या मागची वेस्ट बे रिकामी होऊ लागते. उत्तरेचा वारा पाणी समुद्राकडे रेटतो, पाणथळातले चर उघडे पडतात, कालवांचे ढीग वर येतात. आमच्या देवगडला पाणी चंद्राचं ऐकतं. इथे भरती-ओहोटी फूट-दीड फुटाची, म्हणून ते वाऱ्याचं ऐकतं. हे उमगायला मला दोन हिवाळे लागले.

आता वारा पडेपर्यंत मी थांबतो. तिसऱ्या दिवशी रेडफिश मासा गरवायला जातो, तेही दुपारी. थंडीत रेडफिश चराच्या तळाशी पडून राहतो आणि काळा चिखल उन्हाने तापला की उथळावर सरकतो. परवा सकाळी पाणी ९ अंश होतं, तीन वाजता १२. तेवढं त्याला पुरलं. गरीला कोळंबीचा तुकडा, हलकं शिसं, आणि मग हात अजिबात हलवायचा नाही. उन्हाळ्यात हा मासा आमिषावर झडप घालतो. हिवाळ्यात तंगुसाची दोरी नुसती जड होते, तळाचं ओलं फडकं अडकावं तशी. हिसक्याची वाट बघत बसलात तर गेला.

२३ इंचांचा निघाला. घासलेल्या तांब्याचा रंग, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका. कायद्याने २० ते २८ इंचांचे, दिवसाला तीन. त्याहून मोठा ठेवायचा तर लायसन्सबरोबर टॅग मिळतो, तो मी वापरत नाही. अंडी घालणारे तेच. टेक्सासने आपल्या पाण्यातल्या रेडफिशची विक्री १९८१ सालीच बंद केली. पुढे मसाला लावून काळा भाजलेला रेडफिश हॉटेलांत असा गाजला की मेक्सिकोच्या आखातातले मोठमोठे थवे जाळ्यांनी उपसले गेले. ती बंदी मला फार मोलाची वाटते.

घरी सारासाठी डोकं फोडलं. कवटीत दोन पांढरे दगड, चिंचोक्याएवढे, एका बाजूने गुळगुळीत. ढोम्याच्या डोक्यात असेच निघतात, लहान. आजी जेवताना ते आमच्यासाठी ताटाच्या कडेला काढून ठेवायची. रेडफिश, ढोमा, घोळ, सगळे एकाच कुळातले. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतात, म्हणून रेडफिशचं दुसरं नाव रेड ड्रम.

दगड तळहातावर ठेवून आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले.

"अरे, हे तर ढोम्याचे!" म्हणाली. मग लगेच, "सारात सोलं घातलीस ना?"