आमची वाटचाल : छत्तीस खांबांचा बटवा

तोरण एका घराला एकदाच लागतं. क्रोशाचं चांगलं तोरण वीस-वीस वर्षं दारावर राहतं, दिवाळीत उतरवून धुतलं की पुन्हा चढतं. गिऱ्हाइकाला हे सुखाचं असतं, पण धंद्याला जड जातं. साताऱ्यात सासूबाई, धाकटी जाऊ आणि मी अशा तिघींनी घरच्या घरी क्रोशाकाम विकायला सुरुवात केली, तेव्हा आमच्याकडे तोरणं, रुमाल आणि बाळंतविड्यातली टोपडी एवढाच माल होता. बघणारा प्रत्येक जण कौतुक करायचा. "किती नाजूक काम आहे हो!" म्हणायचा आणि किंमत ऐकली की रुमाल घडी घालून परत ठेवायचा.

बटव्याकडे आम्हाला वळवलं ते शेजारच्या वहिनींनी. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी २०१८ साली आली. त्यानंतरच्या संक्रांतीला त्यांना हळदीकुंकवात प्लास्टिकच्या डब्या लुटायच्या नव्हत्या. स्टीलच्या वाट्या तर सगळ्यांच्या घरी पडून असतात. "कुंकवाचा करंडा मावेल एवढी एखादी पिशवी करून द्या, पण साधी. मला पन्नास लागतील," असं त्या म्हणाल्या. त्यांच्या या बोलण्यात 'साधी' आणि 'पन्नास' हे दोन शब्द आमच्या पुढच्या सगळ्या कामाला पुरले. भेटवस्तू माणूस स्वतःसाठी घेत नाही, दुसऱ्यांना द्यायला घेतो, त्यामुळे ती एक घेऊन भागत नाही. हे आम्हाला तोवर सुचलंच नव्हतं.

आमचा बटवा आजही तोच आहे. चार साखळ्या (एकातून एक ओढलेले फास) घालून गोल बंद करायचा, त्यात बारा खांब, म्हणजे उंच उभे टाके. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे चोवीस. तिसऱ्या फेरीत एकाआड एक वाढवत छत्तीस. इथे वाढवणं थांबवायचं. पुढच्या फेऱ्या छत्तीसच्याच घातल्या की कड आपोआप उभी राहते आणि बटव्याच्या भिंती वर चढू लागतात. दहाएक फेऱ्यांनंतर नाडीसाठी जाळीची एक फेरी : एक खांब, एक साखळी, मधला एक खांब सोडून पुन्हा खांब. वर छोटे कंगोरे. नाड्या दोन, एक डावीकडून ओवलेली आणि दुसरी उजवीकडून, म्हणजे दोन्ही टोकं ओढली की तोंड पक्कं मिटतं. एका नाडीवरही बटवा बंद होतो, पण तोंड एका बाजूला गोळा होऊन राहतं आणि कानातल्यांसारखी बारीक वस्तू त्या फटीतून हमखास निसटते.

करायला सोपं म्हणून कुणी नवी बाई आली की हाच बटवा आधी देतो. पहिल्या तीन फेऱ्यांतच तिचा हात कळतो. खांब जास्त पडले तर तळाला झालर येते, कमी पडले तर तळ सपाट न बसता वाटी होते. दोन्हीतून सुटका उसवण्यानेच होते, आणि उसवायला जी कंटाळत नाही ती टिकते.

खरी परीक्षा झाली ती बायका वाढल्यावर. पन्नास बटवे पाच जणींत वाटले की पाच मापांचे बटवे हातात येत. टाके तेवढेच, दोरा तोच, सुईही अडीच मिलिमीटरचीच, पण कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. आमच्या एका काकूंचा हात इतका घट्ट की त्यांचा बटवा टेबलावर नुसता ठेवला तरी उभा राहतो. त्यांच्या सुनेचा बटवा मऊ, लोळणारा आणि बोटभर जास्त रुंद. एकेकटे पाहिले तर दोन्ही सुरेख. पण हळदीकुंकवात शेजारी शेजारी बसलेल्या दोन बायकांच्या हातात ते दोन पडले, तर एकीला वाटणार आपल्याला लहान दिला.

हात बदलायला सांगून बदलत नाही. चाळीस वर्षं घट्ट विणणाऱ्या बाईला "जरा सैल घाला" म्हटलं की ती चार फेऱ्या सैल घालते आणि पाचवीला मूळपदावर येते. म्हणून आम्ही हातांच्या मागे न लागता सुया बदलल्या. सुताराकडून एकसारखे लाकडी ठोकळे करून घेतले, बटव्याच्या पोटात नेमके बसतील असे. प्रत्येकीच्या घरी एक ठोकळा. भिंत थोडी वर चढली की बटवा ठोकळ्यावर चढवून बघायचा. चढताना अडला तर पुढची जाडी सुई घ्यायची, ढिला पडला तर मागची. काकू आता तीन मिलिमीटरच्या सुईवर विणतात, सून सव्वादोनच्या, आणि दोघींचे बटवे एका पेटीत गेले तर मलाही ओळखता येत नाहीत. फक्त काकूंनी विणलेल्या बटव्यांची नाडीची गाठ अजून वेगळी असते. ती मुद्दाम तशीच राहू दिली आहे.

दोरा आम्ही सुतीच वापरतो. लोकरीचा बटवा दुकानात छान दिसतो, पण वापरला की त्यावर गोळे येतात. दोरा पुण्याहून रविवार पेठेतून आणायचा. लाल आणि मरून रंगांच्या बाबतीत आम्ही कुणावरच विश्वास ठेवत नाही, मग लेबलवर काहीही लिहिलेलं असो. नवीन लडी आली की हातभर दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवायचा. सकाळी फडकं गुलाबी निघालं तर ती लडी बटव्याला नाही. कारण हा बटवा कुणीतरी पांढऱ्या साडीच्या घडीत ठेवणार, कुणी त्यात मोत्यांची नथ ठेवणार.

साताऱ्यात राहून कंदी पेढ्यांशी गाठ पडली नाही असं कसं होईल? एका मुंजीची ऑर्डर आली : प्रत्येक पाहुण्याला बटव्यात चार पेढे. खव्याचं तूप सुताला लागलं की डाग काही केल्या जात नाही. तेव्हापासून खाऊ घालायचा असेल तर आत बटर पेपरची पुडी आम्हीच करून देतो, पैसे न लावता. २०२३ मध्ये श्रावण अधिक आला आणि जावयांच्या वाणासाठी तेहेतीस-तेहेतीसच्या ऑर्डरी आल्या : एकात अनारसा, एकात सुपारी, एकात तांब्याचा दिवा. बाहेरगावी आणि परदेशी राहणाऱ्या लेकी सुट्टीला आल्या की जाताना बटवे घेऊन जातात, कारण बॅगेत वजन होत नाही आणि फुटायची भीती नाही.

आता दराबद्दल. हे थोडं स्पष्टच लिहिते, कारण विचारणारे खूप असतात.

सरावलेल्या हाताला एक बटवा नाड्यांसकट सव्वा तास घेतो. दोन सुयांचं विणकाम यंत्रावर होतं, पण खरं क्रोशाकाम अजूनही हातानेच होतं. बाजारात मशीनची क्रोशा लेस म्हणून जी मिळते, ती वेगळ्याच पद्धतीने गुंफलेली असते. म्हणजे हा सव्वा तास कुठलंही मशीन आणून कमी करता येणार नाही. तरी गिऱ्हाईक म्हणतं, "बायका टीव्ही बघता बघताच करतात ना?" बघता बघता करतात, हे खरं आहे. पण म्हणून ते फुकट होत नाही.

हे काही आजचं नाही. आंध्रातल्या गोदावरीकाठच्या नरसापूर भागात मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस शिकवली आणि ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तिथल्या लेस विणणाऱ्या बायकांवर केलेला अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं असं की या बायकांना कुणी कामगार मानलंच नाही. घरात बसून रिकामा वेळ घालवणाऱ्या गृहिणी समजून त्यांना अगदी तुटपुंजी मजुरी दिली गेली, आणि व्यापार मात्र जगभर वाढला. माझ्या धाकट्या जावेने मला हे वाचून दाखवलं, तेव्हा आम्ही नुकतीच एका भेटवस्तूंच्या दुकानाची मोठी ऑर्डर नाकारली होती. दुकानदाराला आमच्या दराच्या निम्म्यात माल हवा होता, आणि "बायकांना काय, वेळच वेळ असतो" हे वाक्य त्याने आमच्याच ओसरीवर बसून ऐकवलं. सासूबाईंनी त्याला चहा पाजला आणि नमस्कार केला.

आमच्या हिशेबात आधी मजुरी धरतो, मग दोरा, पॅकिंग, पुण्याची फेरी, आणि शेवटी आमचा वाटा. किमतीतला निम्म्याहून जास्त भाग विणणारीकडे जातो. मजुरी माल मोजून घेतला की त्याच दिवशी, गिऱ्हाइकाचे पैसे आलेले असोत वा नसोत. यामुळे हातात खेळतं भांडवल बरंच ठेवावं लागतं आणि उधारीवर माल देता येत नाही. काही दुकानं त्यामुळेच सुटली. मला त्याचं फारसं वाटत नाही.

साधेपणावर मात्र घरात अजून वाद होतात. जावेला मणी लावायचे असतात, नव्या मुलींना फुलं, पानं, टिकल्या. मणी लावला की वेळ वाढतो, किंमत वाढते आणि पन्नासची ऑर्डर वीसवर येते. शिवाय धुताना मणी तुटतो आणि बोल आम्हाला लागतो. तडजोड म्हणून नाडीच्या टोकाला सुताचा गोंडा आला. तो खपतोही चांगला, हे जावेसमोर मान्य करावं लागतं. कंपन्यांची नावं विणून द्यायची कामं आम्ही घेत नाही. छत्तीस खांबांत अक्षरं बसवली की ती वाचता येत नाहीत, आणि बटवा घेणाऱ्या बाईला त्या नावाचं काही कौतुकही नसतं.

लॉकडाऊनच्या काळात लग्नं थांबली तसे बटवेही थांबले. त्या रिकाम्या वेळात लघुउद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी करून घेतली, मालाचे फोटो नीट काढले आणि व्हॉट्सॲपवर रंगांचा तक्ता बनवला. आता निम्मी गिऱ्हाइकं त्या तक्त्यावरूनच ऑर्डर देतात.

संक्रांतीचे बटवे हवे असतील तर दसऱ्यापर्यंत सांगावं. दिवाळीत आमच्या बायका फराळाला लागतात आणि त्या दिवसांत सुई कुणी हातात घेत नाही, घ्यायला आम्ही सांगतही नाही. लग्न-मुंजीसाठी दीड महिना आधी. आत काय ठेवणार ते ऑर्डर देतानाच सांगा. करंडा, नाणं, पेढे, रुद्राक्ष, जे असेल ते. त्यावर उंचीच्या किती फेऱ्या घालायच्या ते ठरतं. रुंदी तीच राहील.