आत गेलेली गोळी बाहेर यायलाच हवी

मी परभणीच्या व्हेटर्नरी कॉलेजची. सध्या अमेरिकेत, विस्कॉन्सिनच्या नैऋत्येला एका छोट्या गावात मीट लॉकरमध्ये काम करते. मीट लॉकर म्हणजे गावातलं खाटकाचं दुकान, मागे मोठं कोल्डरूम, वर्षभर शेतकऱ्यांच्या गाई-डुकरं कापून पॅक करून द्यायची. पण नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणाचा बंदुकीचा सीझन उघडतो तो नऊ दिवस चालतो, आणि त्या नऊ दिवसांत आमच्याकडे दुसरं काही दिसतच नाही. राज्यात साडेपाच लाखांच्या आसपास लोक लायसन काढतात. केशरी जॅकेट घातलेली माणसं ट्रकच्या मागे हरीण टाकून रांगेत उभी, आणि मी आत टेबलावर. मुंडकी बाजूला काढायची, ज्यांना सीडब्ल्यूडीची (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) टेस्ट हवी त्यांच्या हरणाच्या घशामागच्या लिम्फ नोड्स काढून द्यायच्या (हा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सापडला, तो आमच्याच बाजूला), मग कातडं सोलायचं आणि जखमेभोवतीचं मांस कापून टाकायचं.

या शेवटच्या कामामुळे गोळ्यांबद्दल मला जे कळतं ते बंदूकवाल्या दुकानदारालाही कळत नाही असं मी खात्रीने म्हणते, कारण त्याला गोळी डब्यात दिसते आणि मला ती हरणाच्या आत काय करून गेली ते दिसतं.

सीझनच्या पहिल्या शनिवारची गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमाराला एका वडिलांचा फोन आला. मुलगी बारा वर्षांची, पहिलाच सीझन. सूर्य मावळायच्या जरा आधी तिने मचाणावरून एका नराला बार टाकला, साठ-सत्तर यार्डांवर, हरीण उडालं, वाकडं-तिकडं पळालं आणि झाडीत गेलं. दोघांनी टॉर्च घेऊन तासभर शोधलं पण बार लागला त्या जागी मूठभर केस आणि दोन-चार थेंब, पुढे काहीच नाही. मुलगी रडत होती. तुमच्याकडे कुणीतरी कुत्रं घेऊन माग काढणारा आहे ना, असं विचारत होते.

होता. आमच्याच दुकानात करवतीवर काम करतो तो, त्याच्याकडे राठ केसांची डाक्सहुंड आहे, पायाएवढी बुटकी कुत्री, पण लांब दोरीला बांधून सोडली की जखमी हरणाचा माग तासन्‌तास सोडत नाही. रक्त नसलं तरी चालतं तिला, हरणाच्या खुरांच्या मधे ग्रंथी असतात त्यांचा वास जमिनीवर पडत जातो आणि तिला तेवढा पुरतो. तो म्हणाला, "डॉक, चल ना, टॉर्च धरायला कुणीतरी लागेल आणि हरीण मिळालं तर तू बघून सांगशील काय झालं ते." मी हातमोजे धुतले आणि निघाले.

थंडी उणे पाच-सहा असेल. आमच्या भागात डोंगर-दऱ्या आहेत, वर ओकची झाडं, खाली ओढे, मधे मक्याची कापलेली शेतं. सगळ्यात आधी त्याने मुलीलाच विचारलं, बार लागल्यावर हरणाने काय केलं, पाठ वाकवली का, पाय उधळले का, शेपटी वर होती की खाली. तिने सगळं नीट सांगितलं, मोठ्या माणसांपेक्षा नीट. मग मी खाली बसून केस बघितले. तपकिरी, मुळाशी करडे, जाड. पोटाचे केस पांढरे आणि मऊ असतात, त्यामुळे पोटात लागलेलं नाही एवढं तरी नक्की. हिरवट काही नाही, आतड्याचा तो आंबूस वास नाही. थेंब होते ते लालभडक, पण त्यात फेस नव्हता. फुप्फुसातलं रक्त गुलाबी आणि फेसाळ असतं, लिव्हरचं काळपट लाल. हे मांसातलं रक्त वाटत होतं. आणि एक हाडाचा तुकडा, करंगळीच्या नखाएवढा.

मी वडिलांना विचारलं, कुठली रायफल? म्हणाले .२४३ विंचेस्टर. चांगली रायफल आहे ती, १९५५ पासून चालत आलेली, धक्का कमी, म्हणून मुलांना आणि बारीक अंगाच्या माणसांना हीच देतात. मग विचारलं, गोळी कुठली? ते म्हणाले, डबा घरात होता, कोयोटसाठी (कोल्ह्यासारखं जनावर) आणलेला. अठ्ठावन्न ग्रेन (गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात).

तो नि मी एकमेकांकडे बघितलं. काही बोललो नाही, मुलगी शेजारी उभी होती.

कुत्री चालायला लागली. उतारावरून खाली, मग ओढ्याच्या काठाने, एकही थेंब नाही. एका जागी कुंपण आलं, पलीकडे शेजाऱ्याची जमीन, आणि इथे दुसऱ्याच्या जमिनीत जखमी हरीण आणायलाही परवानगीशिवाय जाता येत नाही, म्हणून वडिलांनी तिथूनच फोन लावला, शेजारी हो म्हणाला, मग तारेखालून गेलो. पलीकडे उंच गवतात एक बसकी जागा सापडली, गवत दबलेलं, हात लावला तर जमीन शेजारपेक्षा कोमट, आणि तिथे मात्र तळहाताएवढं रक्त, त्यात थोडा फेस. म्हणजे हरीण बसलं होतं, आम्ही येताना उठून पुढे गेलं होतं. जिवंत होतं. एक फुप्फुस गेलंय, दुसरं चालू आहे, असं मला वाटलं. एका फुप्फुसावर हरीण कितीतरी लांब जाऊ शकतं.

इथे त्याने कुत्रीला थांबवलं. रात्री शिकारीची वेळ संपल्यावर बार काढता येत नाही, आणि हुसकत राहिलं तर ते अजून दोन दऱ्या पुढे जाईल. थांबलं की ते परत जवळच बसतं, अंग ताठरतं, तिथेच मरतं. सकाळी यायचं ठरलं. थंडी असल्यामुळे मांस खराब व्हायची भीती नव्हती. पण ते जनावर रात्रभर तिथे त्या गवतात असणार हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि परतीच्या वाटेवर कुणी बोललं नाही. मला स्वतःला हे अजिबात सहन होत नाही. मारायचं असेल तर ते लवकर व्हावं, एवढं तरी आपण त्या जनावराचं देणं लागतो.

सकाळी उजाडल्यावर कुत्रीने दीडेकशे यार्डांवर ओढ्याच्या पलीकडे काढून दिलं. मेलेलं, अंगावर दहिवर पडलेलं.

दुपारी ते माझ्या टेबलावर आलं. वडील आणि मुलगी थांबले, मुलगी म्हणाली मला बघायचंय. मी वडिलांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, मग कातडं काढलं.

डाव्या खांद्याच्या फऱ्यावर तळहाताएवढा खड्डा. फऱ्याचं हाड चुरा झालेलं, मांस जेलीसारखं काळंनिळं, त्यात तांब्याच्या आवरणाच्या चकत्या आणि शिशाची भुकटी. खड्डा मात्र उथळ. बरगड्यांच्या आत गेले ते दोन-तीन कण, डाव्या फुप्फुसाचा एक भाग कापलेला, उजवं फुप्फुस धडधाकट. पलीकडच्या बाजूला काही नाही, कातडं अखंड.

तर ही अठ्ठावन्न ग्रेनची गोळी म्हणजे वजन पावणेचार ग्रॅम, आवरण पातळ, टोकाला प्लास्टिक, आणि नळीतून सेकंदाला ३,९०० फुटांच्या आसपास निघते. ती बनवलीच आहे कोयोट, वुडचक असल्या जनावरांसाठी, लागताक्षणी फुटून जावी म्हणून. ती खराब गोळी नाही, जे काम दिलंय ते ती अगदी बरोबर करते. कोयोटची छाती वीतभर, तिथे पृष्ठभागावर फुटली तरी पुरतं. हरणाचा खांदा म्हणजे कातडं, मग जाड मांस, मग हाड, मग अजून मांस, मग बरगडी आणि मग फुप्फुस. हिची सगळी ताकद पहिल्या दोन इंचांत संपली.

आणि रक्त का नाही पडलं? लोकांना वाटतं मोठी जखम म्हणजे खूप रक्त सांडणार. तसं नसतं. आत जाताना गोळीचं भोक असतं बारीक, हरीण पळायला लागलं की कातडं सरकतं आणि भोकावर येतं, खालचं मांस सुजून ते बुजतं. त्यात ती मचाणावर होती, म्हणजे गोळी वरून खाली, आत जायचं भोक उंचावर. माठाला वरच्या बाजूला भोक पाडलं तर आत पाणी तिथवर चढेपर्यंत बाहेर काही येत नाही, छातीचंही तसंच, सगळं रक्त आतल्या आत साठत राहतं. मचाणावरून मारताना गोळी आरपार गेली तर बाहेर पडायचं भोक खालच्या बाजूला येतं आणि तिथून धार लागते. माग असतो तो त्या दुसऱ्या भोकातून. दोन्ही फुप्फुसं फाटलेलं हरीणसुद्धा शंभर यार्ड पळू शकतं, दाट झाडीत अंधार पडताना शंभर यार्ड म्हणजे फार झालं, आणि दुसरं भोक नसेल तर तुम्ही त्याच्यापासून दहा पावलांवरून निघून जाल.

त्याच दिवशी सकाळी एक आजोबा त्यांचं हरीण टाकून गेले होते, ते शेजारच्याच हुकावर होतं, म्हणून मुलीला दाखवलं. त्यांची ३०-३० विंचेस्टर, १८९५ सालचं काडतूस, १७० ग्रेनची साधी चपट्या टोकाची सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली गोळी), वेग जेमतेम २,२०० फूट. आजच्या जाहिराती वाचल्या तर वाटेल हिने काय मरणार. बरगड्यांमधून आत, दोन्ही फुप्फुसं फाडून, पलीकडे अंगठा जाईल एवढं भोक. सत्तर पावलांवर पडलं म्हणाले, चष्म्याशिवाय माग काढला म्हणाले. मांस किती फुकट गेलं तर दोन बरगड्यांच्या मधली पट्टी, बस.

दुसरं टोकही बघते मी. तीनशे विन मॅग (.३०० विंचेस्टर मॅग्नम, फार जोरदार काडतूस) घेऊन येतात, त्यात भसकन उघडणारी हलकी गोळी, आणि चाळीस यार्डांवर खांद्यावर मारतात. हरीण जागेवर पडतं हे खरं, पण पुढचे दोन्ही फरे रक्ताने माखून निकामी, मी बादलीत टाकते आणि मला वाईट वाटतं. जोरात जाणाऱ्या काडतुसात गोळी घट्ट बांधणीची हवी, म्हणजे आवरणाला शिसं चिकटवलेली बॉन्डेड, किंवा मधे तांब्याची भिंत असलेली पार्टिशन, किंवा सबंध तांब्याची. ती पार्टिशनसुद्धा अशाच अनुभवातून आली: जॉन नॉस्लर नावाच्या माणसाच्या गोळ्या १९४६ साली कॅनडात एका मूसच्या (प्रचंड मोठ्या हरणाच्या) खांद्यावर फुटून गेल्या, आत पोचल्याच नाहीत, मग त्याने घरी येऊन पुढचा भाग उघडेल आणि मागचा शाबूत राहील अशी गोळी बनवली.

तांब्याच्या गोळीचं मात्र एक लक्षात ठेवायचं, तिला उघडायला वेग लागतो. फार लांबून, वेग २,००० फुटांच्या खाली गेल्यावर लागली तर तिच्या टोकाच्या पाकळ्या नीट उघडत नाहीत आणि ती सुईसारखी आरपार निघून जाते, बाहेर भोक पडतं पण बारीक. म्हणून तांबं घेताना वजनाने एक पायरी हलकी घ्यायची, म्हणजे वेग राहतो, आणि उगाच लांबून मारायचं नाही. खाणाऱ्यासाठी तीच स्वच्छ, शिशाचे कण मांसात उरत नाहीत. २००८ मध्ये मिनेसोटाच्या वन्यजीव खात्याने मेंढ्यांवर गोळ्या मारून बघितल्या होत्या, लवकर फुटणाऱ्या गोळ्यांचे कण जखमेपासून फूटभर लांबही सापडले. डोळ्यांना दिसत नाहीत ते. म्हणून जिथे गोळी फुटलीय तिथे मी हात आखडत नाही, सढळ कापते, गिऱ्हाईक कुरकुरलं तरी. लहान मुलं खाणार असतात ते.

सगळं बघून झाल्यावर मुलीने विचारलं, "म्हणजे माझा नेम चुकला नव्हता?" मी म्हटलं, नेम दोन-तीन इंच पुढे होता, खांद्याच्या मागे हवा होता, पण तिथे लागूनही चांगली गोळी असती तर हाड फोडून दोन्ही फुप्फुसांतून गेली असती आणि तू ते काल अंधार पडायच्या आधी शोधलं असतंस. हे मी तिची समजूत काढायला नाही सांगितलं, टेबलावर समोर दिसतच होतं. ती खूप वेळ त्या खड्ड्याकडे बघत होती.

वडिलांनी विचारलं, मग .२४३ बदलू का? मी म्हटलं अजिबात नको. त्याच रायफलला शंभर ग्रेनची साधी सॉफ्ट पॉइंट घ्या, २,९०० फुटांच्या आसपास जाते, किंवा तांब्याची ऐंशी ग्रेनची. दोन्ही हरणासाठीच बनवलेल्या, आणि दोन्ही पलीकडे निघतात. डब्यावर कुठलं जनावर छापलंय ते आधी बघा. आणि नवीन डबा आणला की आधी कागदावर मारून बघा, कारण एकाच रायफलमधून अठ्ठावन्न आणि शंभर ग्रेन एका जागी लागत नाहीत.

गुरुवारी थँक्सगिव्हिंगच्या सकाळी ते दोघं खडीच्या खाणीत गेले होते, तिथे गावातले सगळे निशाणा लावतात. नंतर मुलीने मला कागद आणून दाखवला. शंभर ग्रेनच्या तीनही गोळ्या शंभर यार्डांवर जुन्या जागेपेक्षा चार बोटं खाली लागलेल्या, मग स्कोपचे क्लिक फिरवून पुन्हा तीन, त्या मधोमध. जुन्या डब्यावर तिने मार्करने मोठ्या अक्षरात "कोयोट" लिहिलंय आणि तो वडिलांच्या कपाटात वेगळ्या खणात ठेवलाय असं म्हणाली. आमच्या दुकानात मालकाला सांगून मी पावतीवर एक रकाना वाढवून घेतलाय, काडतूस कुठलं, गोळी किती ग्रेनची, कुठल्या प्रकारची. हरीण घेताना विचारते, आणि सोलल्यावर आत काय दिसलं ते त्याच कागदावर लिहून मांसाबरोबर परत देते.