बाबांबरोबर सहा दिवस, डेटा बंद ठेवून

बाबांकडे साधा, बटणांचा फोन आहे. फोन येतो, फोन जातो, मेसेज वाचता येतो, एवढंच. स्मार्टफोन घ्या म्हणून मी कित्येक वर्षं त्यांच्या मागे लागले होते. "मला लागत नाही," एवढं बोलून ते विषय संपवायचे. या वेळी त्यांना नोकरीतल्या एका जुन्या मित्राला भेटायला जायचं होतं. रात्रीची रेल्वे, मग पाच तासांची बस, आणि शेवटी डोंगरातलं लहानसं गाव. वय ७४, त्यामुळे मी म्हटलं, मी येते. तर म्हणाले, "ये की. पण माझ्या पद्धतीने जायचं."

म्हणजे माझ्याही फोनचा डेटा बंद, वाय-फाय बंद. फोन आणि एसएमएस चालू. सहा दिवस आम्ही हे पाळलं. एकदा मोडता मोडता राहिलं, ते पुढे येईलच. असा प्रवास कुणाला करायचा असेल, किंवा घरातल्या ज्येष्ठांना एकटं पाठवायचं असेल, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

निघण्याआधीच्या दोन संध्याकाळी मी तयारीत घालवल्या. सगळ्या वाटेचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला. लॉजचं बुकिंग करून त्याची प्रिंट काढली. रेल्वेची जाण्या-येण्याची तिकिटं कागदावर घेतली. बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी नव्याने लिहून घेतली, कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव घालून. हे जरूर करा. एका ठिकाणी ती कंपनी मिळाली नाही, पण मूळ नाव वाचून दुकानदाराने दोन मिनिटांत तीच गोळी दुसऱ्या कंपनीची काढून दिली. रोख पैसे दोघांत वाटून घेतले, आणि थोडे वेगळे, बॅगेच्या तळाशी ठेवले.

बाबांची तयारी म्हणजे त्यांची डायरी. तळहाताएवढी, कडा झिजलेली, भोवती रबर. त्यात सगळे नंबर पेन्सिलीने लिहिलेले. पेन्सिल का, तर "माणसं घरं बदलतात, नंबर बदलतात. खोडायला बरं." काही नावांपुढे तीन-तीनदा खोडल्याच्या खुणा आहेत, कागद तिथे पातळ झालाय. मी माझ्याकडे पाहिलं तर मला दोनच नंबर पाठ होते, माझा आणि घरचा. निघायच्या रात्री बाबांनी त्यांच्या डायरीतून बारा नंबर एका कागदावर उतरवून माझ्या पर्समध्ये घातले.

पहिला दिवस रेल्वेत गेला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तिकीट कागदाचं असलं की कुणी काही विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी शहरात उतरून लॉज शोधायचा होता. इंटरनेट नसताना नकाशावरचा निळा ठिपका चालतो का, हे मला बऱ्याच जणांनी नंतर विचारलं. चालतो. फोन उपग्रहांकडे काही पाठवत नाही, नुसतं ऐकतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश सोडत असतात, आणि निदान चार उपग्रह नीट ऐकू आले की फोन आपली जागा काढतो. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंटरनेट असताना कोणता उपग्रह कुठे आहे ही माहिती फोन नेटवरून चटकन घेतो. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, आणि एका उपग्रहाची माहिती एकदा पूर्ण यायला ३० सेकंद लागतात. मध्येच इमारत आडवी आली की पुन्हा पहिल्यापासून. मी स्टेशनच्या छपराखाली उभी राहून "चालत नाही, चालत नाही" करत होते. बाबा म्हणाले, "अगं, बाहेर मोकळ्यात चल." मोकळ्या मैदानात तीन-चार मिनिटं फोन हातात धरून स्वस्थ उभं राहिल्यावर ठिपका आला. तेव्हा घाई करू नका, आणि चालत चालत शोधू नका. तोवर बाबांनी एका हमालाला विचारून रस्ता कळूनही घेतला होता.

विचारण्याचीही एक रीत असते, ती मी त्यांच्याकडून शिकले. "अमुक लॉज कुठे आहे?" असं ते विचारत नाहीत. "इथून सरळ गेलो तर काय लागतं?" असं विचारतात. माणूस मग खुणा सांगतो, पूल, शाळा, वळण. आणि दोनशे पावलांवर ते पुन्हा दुसऱ्याला विचारतात. पहिला चुकीचं सांगेल म्हणून नाही. "एका माणसाला दोन वळणांपुढचं नीट सांगता येत नाही," असं ते म्हणतात.

लॉजवर पोचलो तर काउंटरपुढे सात-आठ माणसं ताटकळलेली. तिथलं नेट गेलं होतं आणि बुकिंग कंप्युटरमध्ये. लोक आपापले फोन पुढे करत होते, पण ईमेल उघडत नव्हती, कारण त्या भागातला मोबाईल डेटाही मरगळलेला. आमच्याकडे प्रिंट होती. काउंटरवरच्या वयस्कर गृहस्थांनी ती पाहिली, खालच्या कपाटातून जाड रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि आमचं नाव लिहून किल्ली दिली. मग बाकीच्यांचीही नावं त्यांनी त्याच रजिस्टरात घेतली. शेजारच्या तरुण मुलाला मात्र हे रजिस्टर आहे हेच माहीत नव्हतं. मला १९ जुलै २०२४ आठवला. एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख कंप्युटर बंद पडले आणि काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तिथे लिहून देणारी माणसं होती म्हणून ती विमानं उडाली. कागदाची पद्धत ठेवायची तर ती जाणणारा माणूसही ठेवावा लागतो, नुसतं रजिस्टर कपाटात असून चालत नाही.

आता तो प्रसंग. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसस्थानकावर गेलो. डोंगरातल्या गावाला दिवसाला दोनच बस, आणि बाबांना खिडकीवर तिकीट काढायचं होतं. खिडकी होती, पण आतून पुठ्ठा लावून बंद केलेली. बाहेर कागद चिकटवलेला: आरक्षण फक्त अ‍ॅपवर. खाली क्यूआर कोड. बाबा तो कागद दोनदा वाचून बाजूला झाले. त्यांच्या मागे आणखी एक आजी उभ्या होत्या, त्यांनीही वाचला. दोघं एकमेकांकडे बघून काही बोलले नाहीत.

माझा हात फोनकडे गेला. "बाबा, डेटा चालू करते, दोन मिनिटांचं काम आहे." ते म्हणाले, "नको. मी एकटा आलो असतो तर काय केलं असतं, ते बघू तरी."

एकटे आले असते तर त्यांनी जे केलं असतं तेच त्यांनी केलं. शेजारच्या टपरीवरच्या मुलाला विनंती केली. मुलगा भला होता. त्याने आपल्या फोनवर अ‍ॅप उघडलं आणि विचारायला लागला. पूर्ण नाव? जन्मतारीख? ओळखपत्राचा नंबर? मोबाईल नंबर? बाबा एकेक सांगत गेले, भर रस्त्यात, मोठ्याने, कारण गाड्यांचा आवाज होता. मग बाबांच्या फोनवर ओटीपी आला. डोळ्यांना चष्मा लावून त्यांनी सहा आकडे वाचून दाखवले. तिकिटाचे पैसे मुलाने त्याच्या खात्यातून भरले, आम्ही त्याला रोख दिले. जास्तीचं काही घ्यायला तो तयार नव्हता. आजींचंही तिकीट त्याने तसंच काढून दिलं.

पण ते तिकीट राहिलं त्याच्या फोनमध्ये. प्रिंट काढायची सोय नव्हती. त्याने तिकिटाचा नंबर एका चिठोऱ्यावर लिहून दिला. बसमध्ये वाहकाने कोड मागितला, चिठोरं पाहून मान हलवली, मग यादीत नाव शोधलं. सापडेपर्यंत बाबा उभेच होते.

बसायला जागा मिळाल्यावर बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "मला वाटायचं मी नेटशिवाय जगतो. मी दुसऱ्याच्या नेटवर जगतोय. बँकेत तो शिपाई, विजेच्या बिलाला शेजारचा पोरगा, इथे हा. आणि लॉज, नकाशा सगळं तू घरी बसून नेटवरच केलंस ना?"

या प्रवासातून मला सांगायचं आहे ते हेच. इंटरनेटशिवाय दिवस निघतात का, तर निघतात, अगदी मजेत निघतात, पण तयारी करताना इंटरनेट हाताशी असेल तर. माझ्यासारखीला तो सहा दिवसांचा प्रयोग होता. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगात २६० कोटी लोक इंटरनेटबाहेर होते, म्हणजे जवळजवळ तीन माणसांत एक. त्यांच्यासाठी खिडकी बंद होते तेव्हा त्यांना अनोळखी माणसाच्या भलेपणावर विसंबावं लागतं. तो मुलगा भला निघाला. बाबांनी ओटीपी एखाद्या लबाडाला वाचून दाखवला असता तर?

म्हणून घरातल्यांना हे नक्की शिकवा: ओटीपीच्या मेसेजमध्ये तो कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं. आधी ते वाक्य वाचायचं, मग आकडे. पैसे काढण्याचा किंवा बँकेचा उल्लेख दिसला तर कुणालाही सांगायचा नाही, समोरचा कितीही गोड बोलो. पैसे रोख द्यायचे, आपलं कार्ड परक्याच्या फोनवर टाकायचं नाही. आणि तिकीट दुसऱ्याच्या फोनवर काढलं तर त्यातला नंबर, तारीख, गाडीची वेळ आणि आसन एसएमएसने आपल्या फोनवर मागून घ्यायचं. मला हे तेव्हा सुचलं नाही.

एसएमएसची आणखी एक गंमत मला या प्रवासात कळली. रोमन अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०, आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. मी रोज रात्री भावाला खुशाली कळवायचे, तर माझा एक मेसेज तीन-चार मेसेजचा व्हायचा. दोन दिवसांत मी तारेसारखं लिहायला शिकले: "पोचलो. बाबा ठीक. उद्या ९ची बस." पुरतं तेवढं. डोंगरात जिथे डेटाची आशाच नव्हती तिथेही, सिग्नलची एखादी कांडी दिसली की हे मेसेज जात होते, कारण एसएमएसला डेटा लागतच नाही.

गावात आम्ही दोन दिवस राहिलो. तिथलं जास्त लिहीत नाही, ते बाबांचं आणि काकांचं, म्हणजे त्यांच्या त्या जुन्या मित्राचं, आहे. एवढंच सांगते की काकांचा नंबर डायरीत तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेला होता आणि तोच लागला. रात्री काकांचा सेलवरचा रेडिओ चालायचा. तो त्यांनी का ठेवलाय विचारलं तर म्हणाले, "वीज गेली तर टॉवरही जातो." २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये वीज गेली तेव्हा लोक असेच रेडिओ विकत घ्यायला धावले होते. मी आता एक घेतलाय.

बाकी उपयोगाच्या गोष्टी, जशा आठवतात तशा. ज्या अ‍ॅपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारे आकडे दिसतात, ते लॉगिनचे आकडे नेटशिवायही तयार होतात, फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. म्हणजे कुठे सार्वजनिक कंप्युटरवर बसायची वेळ आली तर अडत नाही. ११२ हा नंबर जीएसएम (सिमकार्डवर चालणारा) फोन आपत्कालीन म्हणून ओळखतो, तो ज्येष्ठांच्या फोनच्या मागे चिकटवून ठेवा. हॉटेलात टेबलावर नुसता कोड असेल तर छापील मेनू मागा. आम्ही तीनदा मागितला, तीनदाही आतून कुठूनतरी आला. चुकामूक झाली तर कुठे थांबायचं हे गाडीतून उतरतानाच ठरवा. आमचं ठरलेलं होतं: जिथे शेवटचं एकत्र होतो तिथेच, हलायचं नाही. आणि परतीच्या बसची चौकशी पोचल्या दिवशीच करा. आम्ही केली म्हणून कळलं की गावच्या थांब्यावर वाहक रोख घेऊन तिकीट देतो, आरक्षण लागतच नाही. परत येताना त्या टपरीवर थांबलो. मुलगा नव्हता, त्याच्या आईला बाबा भेटून आले.

घरी आल्यावर बाबांनी त्या बससेवेच्या कार्यालयाला एक पानाचं पत्र लिहिलं. मागणी एकच, दिवसातून दोन तास तरी खिडकी उघडी ठेवा. मी म्हटलं ईमेलने पाठवू, लगेच पोचेल. ते म्हणाले, "नको. ज्याच्यासाठी लिहितोय त्याला पाठवता येईल तसंच पाठवायचं." टपालाने, पोचपावतीसह गेलं. पत्र पेनाने लिहिलं होतं, पेन्सिलीने नाही. पोचपावती आली आहे. ती रबर लावून डायरीत ठेवली आहे.